रात्री गेला की दिवसा?

मामंजींनी मास्तरांना वरची खोली दाखवली तेव्हा मी जिन्याखाली तांदूळ निवडत बसले होते, त्यामुळे त्या दोघांचं पहिलं भांडण मी माझ्या कानांनी ऐकलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. दुर्गाघाटावरचे पुरोहित. देशावरून, कोकणातून काशीयात्रेला येणारी मराठी माणसं आमच्याच घरी उतरायची. वरच्या खोलीबद्दल सांगताना मामंजींचा आवाज दर वेळी जरा खाली यायचा. "या खोलीत एका सिद्धपुरुषानं एकवीस दिवस अनुष्ठान केलंय," ते म्हणाले.

"पाहिलं कुणी?"

"माझ्या आजोबांनी."

"किती वर्षं झाली?"

"झाली असतील सव्वाशे."

"आणि आजोबा गेले कधी? वय किती होतं?"

मामंजींनी सांगितलं. मग मास्तर अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "मग गुरुजी, आजोबांनी हे स्वतःच्या जन्माआधी तीन वर्षं पाहिलं असलं पाहिजे."

मला वाटलं, आता हा माणूस जिन्यावरून खाली येतो तो थेट गल्लीत. पण मामंजी एवढ्या जोरानं हसले की कठड्यावरचं माकड उडी मारून पळालं. त्याच संध्याकाळी मास्तर राहायला आले, ते चौदा वर्षं राहिले.

ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी सांगलीहून लग्न होऊन काशीला आले त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. माझे यजमान इथेच जन्मले-वाढलेले. मराठीत वाक्य सुरू करायचे आणि हिंदीत संपवायचे. त्यामुळे अस्सल वाईकडची मराठी बोलणारा माणूस वरच्या मजल्यावर आला याचा मला कोण आनंद झाला होता.

मास्तर एका हायस्कुलात इतिहास शिकवत. उंच, किडकिडीत, आणि जेठ महिन्याच्या उन्हातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. तो कोट म्हणजे त्यांचं दफ्तर होतं. उजव्या खिशात स्वतः पाहिलेल्या गोष्टींच्या चिठ्ठ्या, डाव्या खिशात पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींच्या. ऐकणाऱ्याकडून ऐकलेलं ते लिहूनच घेत नसत. एकदा मी त्यांना न विचारता तो कोट सोड्यात भिजत घातला. चिठ्ठ्यांचा लगदा झाला. मी रडवेली होऊन वर गेले, तर म्हणाले, "सूनबाई, उजव्या खिशाचं काही नाही, ते मी पुन्हा आठवीन. डाव्यातली दोन माणसं मात्र आता या जगात नाहीत." एवढंच. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आमच्या घरात 'म्हणतात' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. 'यंदा थंडी फार पडणार म्हणतात' असं मी म्हटलं की जिन्यावरून आवाज यायचा, "कोण म्हणतात? नाव सांगा." एकदा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर एका सांडानं कचोरीवाल्याची टोपली उलथवली. मास्तर तिथेच पायरीवर बसले आणि नऊ जणांच्या जबान्या घेतल्या. सांड पांढरा होता, काळा होता, कबरा होता. टोपलीत कचोऱ्या होत्या, जिलब्या होत्या. एका पंड्यानं तर शपथेवर सांगितलं की सांडानं आधी प्रदक्षिणा घातली आणि मग टोपलीला तोंड लावलं. कचोरीवाला बिचारा डोक्याला हात लावून म्हणत होता, "मास्टरजी, हमार कचौड़ी त गइल, अब का लिखत हईं?" दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्या नऊच्या नऊ जबान्या वर्गात वाचून दाखवल्या आणि मुलांना म्हणाले, "हे काल सकाळचं. आता अडीच हजार वर्षांपूर्वीचं तुम्ही मला छातीठोकपणे सांगा."

अडीच हजार वर्षांपूर्वीचं म्हणजे बुद्धाचं. मास्तर एक पुस्तक लिहीत होते. बुद्ध झाल्यानंतरच्या बुद्धाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. "ते शिष्यांनी पाहिलेलं आहे," ते म्हणत. त्यांना हवी होती त्याआधीची एकोणतीस वर्षं, ज्यांचा साक्षीदार एकही शिष्य नव्हता. त्या पुस्तकाची पानं दोरीनं बांधून ते उशाशी ठेवत. एकदा माकडानं त्यातली दहा-बारा पानं पळवली आणि शेजारच्या छपरावर बसून चावली. शेंगदाणे दाखवून मी ती सोडवली. मास्तरांनी ती तशीच परत गठ्ठ्यात लावली आणि फाटलेल्या जागी समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'येथील पाठ वानरांनी खाल्ला आहे.'

राजपुत्राची गोष्ट आपल्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असते. बापानं त्याला महालात कोंडून वाढवलं, म्हातारपण-आजार-मरण काही दिसू दिलं नाही. एक दिवस तो रथातून बाहेर पडला, म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, संन्यासी दिसला. मग एका मध्यरात्री, झोपलेल्या बायकोकडे आणि तान्ह्या मुलाकडे दारातूनच पाहून तो घोड्यावर बसून निघून गेला. मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून मला विचारायचे, "सूनबाई, मुलगा एकोणतीस वर्षांचा, म्हणजे बाप पन्नाशीचा तरी. घरात बाप दिसत नव्हता का? की बापाच्या केसांना रोज कुणी काजळ लावत होतं?"

मी हसायची. त्यांना हसलेलं चालायचं. त्यांना फक्त गप्प बसलेलं चालत नसे.

दर रविवारी पहाटे ते सारनाथला पायी जात. पाच-सहा मैल. तिथे एक सिंहली भिक्षू राहत होते, मास्तरांहून दहाएक वर्षांनी मोठे. भिक्षू दुपारनंतर अन्न घेत नसत, म्हणून मास्तर उन्हं चढायच्या आत पोचायचे. बरोबर माझ्या हातचं लिंबाचं लोणचं. जेवण झालं की दोघं झाडाखाली बसायचे आणि दिवस मावळेपर्यंत वाद घालायचे.

एकदा माघातल्या रविवारी यजमानांबरोबर घोड्याच्या एक्क्यात बसून मीही गेले. भिक्षू बुटके, गोल चेहऱ्याचे, अंगावर लोकरी शाल. पुस्तकातून शिकलेलं हिंदी बोलायचे. मास्तरांना पाहून म्हणाले, "आइए मास्टर जी, आज किस बात पर लड़ेंगे?"

मास्तरांनी तोच म्हाताऱ्याचा मुद्दा काढला. भिक्षूंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "माताजी, आपने बूढ़ा आदमी देखा है?"

"हो, म्हणजे... रोजच तो देखती हूँ," मी म्हटलं.

"पहली बार कब देखा?"

मी लहानपणचं आठवायला गेले, आणि आठवलं ते भलतंच. मागच्या वर्षी माझे वडील काशीला आले होते. चहाची बशी उचलताना त्यांचा हात थरथरला आणि चहा धोतरावर सांडला. तेव्हा मला एकदम वाटलं होतं, अण्णा म्हातारे झाले. त्याआधी मी काय पाहत होते कुणास ठाऊक.

भिक्षूंना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. ते मास्तरांना म्हणाले, "देखिए। कथा झूठी नहीं है।"

"उत्तर फार सुंदर आहे," मास्तर म्हणाले, "म्हणून तर मला त्याचा संशय येतो."

तिथवर सगळं खेळीमेळीनं चाललं होतं. पण बोलणं मध्यरात्रीच्या प्रसंगावर आलं आणि मास्तरांचा आवाज बदलला. "तो रात्री गेलाच नाही," ते ओरडलेच जवळजवळ. "कुणी पाहिलं त्याला रात्री जाताना? कुणी?" त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. भिक्षूंनी वाद थांबवला आणि त्यांना पाणी दिलं. आठ वर्षं हा वाद त्याच ठिकाणी येऊन असाच थांबत होता, हे मला नंतर कळलं.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळींनी मास्तरांचं व्याख्यान ठेवलं. आदल्या संध्याकाळी एका बुवांनी कीर्तनात नेमका तोच गृहत्यागाचा प्रसंग रंगवला होता. झोपलेली बायको, तिच्या हाताखाली बाळाचं डोकं, उंबऱ्यात थबकलेला राजपुत्र. आम्ही बायकांनी पदरानं डोळे पुसले होते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मास्तर उभे राहिले. अध्यक्ष म्हणून सारनाथचे भिक्षू आले होते.

मास्तर चांगलं बोलले. बाप चक्रवर्ती राजा नव्हता, आपसांत सल्ला करून कारभार चालवणाऱ्या अनेक सरदारांपैकी एक होता. महाल, रथ, सारथी हे सगळं मागाहून वाढलं. आणि शेवटी गृहत्याग. जुन्यात जुन्या सूत्रांपैकी एकात बुद्ध स्वतःच शिष्यांना सांगतो आहे, की आईवडील नको म्हणत होते, त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी आपण मुंडन केलं आणि घर सोडलं. "त्यात घोडा नाही," मास्तर म्हणाले, "मध्यरात्र नाही, झोपलेलं कुणी नाही. सगळे जागे आहेत आणि रडताहेत."

लोक कुजबुजायला लागले. काल बुवांनी दिलेलं आज काढून घेतलेलं कुणाला आवडलं नव्हतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून मामंजी उठले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचं पांडित्य मला मान्य आहे. पण रात्री गेला काय नि दिवसा गेला काय, गेला हे तर खरं ना? आठ वर्षं तुम्ही या एका दाराशी का अडून बसलात, ते मला सांगा."

मामंजींनी थट्टेतच विचारलं होतं. पण मास्तरांनी टेबलाची कड धरली.

"कारण गुरुजी, मी रात्री गेलो," ते म्हणाले.

कुणाला अर्थ लागला नाही. मास्तर वर्गात धडा सांगावा तसे सावकाश बोलत होते.

"वाईहून. बावीस वर्षं झाली. घरात आई होती, मोठा भाऊ होता, बायको होती, चार महिन्यांची मुलगी होती. बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी पंच्यात दोन धोतरं बांधली आणि निघालो. माझ्याजवळ कारण काही नव्हतं, गोष्ट होती. एवढा थोर माणूस असाच गेला, मग मी गेलो तर काय बिघडलं? तीन वर्षं भगवं घालून हिंडलो. मग कळलं, ते वैराग्य नव्हतंच, कंटाळा होता. भगवं टाकलं, पण परत जायची लाज वाटली, आणि त्या लाजेलाही आधार पुन्हा त्याच गोष्टीचा. पुढे पाली शिकलो, ते सूत्र वाचलं. तो रडणाऱ्यांच्या समोरून गेला होता. ज्यांना सोडलं त्यांची तोंडं बघून गेला होता. मी ज्याच्या नावावर घराबाहेर पडलो, त्यानं तसं काही केलंच नव्हतं."

भिक्षू उठले. अध्यक्षीय भाषणाचा कागद त्यांच्या हातात होता, तो त्यांनी घडी करून ठेवून दिला, हात जोडले आणि म्हणाले, "आज इतना ही।"

घरी येताना गल्लीत माझे यजमान म्हणाले, "भरसभेत असं बोलायला किती हिम्मत लगती है, तुला समझतंय का?"

"परक्यांसमोर," मी म्हटलं. "दर रविवारी सारनाथला चालत गेले. तेवढ्या पावलांत वाई आली असती."

दुसऱ्या दिवसापासून मी मास्तरांचा सकाळचा चहा वर पाठवायचा बंद केला. चार महिन्यांची मुलगी हे शब्द माझ्या कानातून जात नव्हते. माझी थोरली तेव्हा पाच महिन्यांची होती. मास्तरांनी चहाबद्दल चकार शब्द काढला नाही. शाळेला जाताना गल्लीतल्या दुकानात मातीच्या कुल्हडातून चहा पिऊन जाऊ लागले. पाचव्या दिवशी माझ्यानंच राहवलं नाही. मी कप घेऊन जिना चढले.

"पत्र लिहिलंत का?" मी विचारलं.

"काय लिहू?"

"सभेत बोललात ते."

"ते तिला माहीत आहे, सूनबाई. तिच्यावरच तर गुजरलं."

"तिला काय माहीत आहे नि काय नाही, तुम्हाला कुणी सांगितलं?"

मास्तरांनी चहा घेतला आणि माझ्यादेखत कागद ओढला. ते पत्र लिहायला त्यांना अकरा दिवस लागले. खोली झाडताना मला फाडलेले मसुदे सापडायचे. एकेक चार-चार पानांचा. अखेर गेलं ते एक साधं कार्ड. 'मी काशीत आहे. जिवंत आहे. तुला काही विचारायचं असेल तर विचार.' खाली आमच्या घराचा पत्ता.

दिवाळी गेली, देवदिवाळी गेली, उत्तर आलं नाही. मास्तरांनी रविवारचं सारनाथ सोडलं नाही, पण भिक्षूंशी वाद घालत नव्हते म्हणे. नुसते बसून यायचे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी वाईकडची आठ यात्रेकरू मंडळी आमच्याकडे उतरली. त्यांत चाळिशीच्या पुढच्या एक बाई होत्या. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं बेताचं. पाय धुऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "हे लिहिणारे इथेच राहतात ना?"

मास्तर शाळेत गेले होते. बाई म्हणाल्या, येऊ देत, घाई नाही. त्यांनी गंगास्नान केलं, विश्वेश्वराचं दर्शन घेतलं, दुपारी माझ्याबरोबर मेथी निवडायला बसल्या. दिवसभरात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "चष्मा लागलाय का त्यांना?"

चार वाजता मास्तर आले. आमचं दार ठेंगणं, आत येताना त्यांना वाकावं लागायचं. वाकलेले ते सरळ झाले तेव्हा चौकात बाई उभ्या होत्या. मामंजी पळी-पंचपात्र उचलून घाटाकडे निघून गेले. मीही जाणार होते, पण चुलीवर दूध होतं. खरं सांगायचं तर दूध नसतं तरी मी गेले नसते.

मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. बावीस वर्षं घोकलेलं असल्यासारखं बोलायला लागले, "त्या रात्री तू झोपली होतीस आणि मी..."

"मी जागी होते," बाई म्हणाल्या.

मास्तरांचा हात सवयीनं चिठ्ठीसाठी खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"तुझं तोंड भिंतीकडे होतं."

"तोंड भिंतीकडे होतं. पोरीला पाजत होते. तुम्ही पंच्यात धोतरं बांधलीत, एकदा सोडून पुन्हा बांधलीत. वहाणा हातात घेतल्यात, ओटीवर जाऊन पायांत घातल्यात. मला सगळं ऐकू येत होतं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती तर तुम्ही थांबला असतात. आणि जन्मभर मला ऐकवलं असतंत, की तुझ्यामुळे राहिलो."

दूध उतू गेलं. मी ते तसंच जाऊ दिलं.

बाई पुढे सांगत होत्या, आवाज न चढवता. सकाळी गावानं ठरवलं, कृष्णेत गेला. सासूबाई रोज घाटावर जाऊन रडायच्या. "त्यांना मी सांगितलं, बुडायला जाणारा माणूस बदलायची धोतरं घेऊन जात नाही. तेवढं त्यांनाच सांगितलं. बारा वर्षं झाल्यावर तुमचे बंधू म्हणाले, आता पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया उरकून टाकू. मी म्हटलं, मी कुंकू पुसणार नाही. मी जिवंत माणूस जाताना ऐकला होता. पण ऐकलंस तर अडवलं का नाहीस, हे सगळ्यांनी विचारलं असतं, म्हणून ते कुणाला बोलले नाही."

मास्तर मान खाली घालून ऐकत होते.

"कार्डात लिहिलंत, काही विचारायचं असेल तर विचार. ते पत्रातून विचारण्यासारखं नव्हतं, म्हणून आले."

"विचार."

"माझं काय चुकलं होतं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "तुझं काही चुकलं नव्हतं."

"एवढंच हवं होतं. तुमच्या तोंडून. अख्खी आळी म्हणत होती, बाईचंच काहीतरी असणार." आणि मग त्या रडल्या. फार वेळ नाही. पदरानं तोंड पुसून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चूल पुसून घ्या हो, दुधाचा वास धरेल."

त्या पंधरा दिवस राहिल्या. रविवारी आम्ही तिघं सारनाथला गेलो. भिक्षूंना मास्तरांनी सगळं सांगितलं, स्वतःची एकही बाजू न मांडता. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, "त्या राजपुत्राचं मूल तेव्हा केवढं होतं?"

"कुणी लिहितात त्याच दिवशी जन्मलं. कुणी सात दिवसांचं."

"मग ती झोपलेली नव्हती," बाई म्हणाल्या. "सात दिवसांची बाळंतीण अशी गाढ झोपते होय? लिहिणाऱ्यानं बाळंतिणीची खोली पाहिलेली नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या त्या जुन्या सूत्रात? त्यात तिच्याबद्दल काय आहे?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणजे तिला विचारलं कुणीच नाही."

मास्तरांनी भिक्षूंना हिंदीत सांगितलं. भिक्षू म्हणाले, "चालीस साल से पढ़ रहा हूँ, माताजी। यह प्रश्न मेरे मन में नहीं आया।" आणि मास्तरांकडे वळून हसले, "मास्टर जी, हम दोनों हार गए।"

मास्तरांबद्दल मला आदर वाटतो तो इथे. भरसभेत कबुली देणं सोपं नसतं, पण त्यात थोडी शोभाही असते. घरी येऊन त्यांनी जे केलं त्यात शोभा नव्हती. उशाशी आठ वर्षं बांधलेला तो गठ्ठा त्यांनी सोडला, गृहत्यागाचं प्रकरण काढलं, आणि चौकात बाईंसमोर बसून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला सुरुवात केली. बाई हातानं काहीतरी निवडत ऐकायच्या. 'हे कसं कळलं?' असं त्या मध्येच विचारायच्या आणि मास्तर, ज्यांच्यापुढे शाळेतले शास्त्रीसुद्धा तोंड उघडत नसत, ते निमूट पेन्सिलीनं ओळ खोडायचे. तीस-पस्तीस पानांचं प्रकरण बाई जायच्या वेळी नऊ पानांवर आलं होतं. पुस्तक पुढे कुणी छापलं नाही. छापायला दिलंच नाही त्यांनी. अजून विचारायचं राहिलंय, म्हणायचे.

बाईंना पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी लागली होती. खिडकीशी उभं राहून मास्तरांनी विचारलं, "मी येऊ का? एकदा?"

बाईंनी बोचकं नीट लावलं, पदर सावरला.

"या," त्या म्हणाल्या. "पण दिवसा या. आळीतल्या सगळ्यांना दिसू दे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर वाईला गेले. आठच दिवसांत परत आले. मी चहा घेऊन वर गेले तर खिडकीशी बसले होते. उन्हानं चेहरा रापला होता. मी विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"भर दुपारी पोचलो, सूनबाई. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. आळीच्या शेवटपर्यंत चालत गेलो. दार मुलीनं उघडलं. माहेरपणाला आली होती, कडेवर पोर होतं. मला म्हणाली, 'कोण पाहिजे आपल्याला?'"

"मग? सांगितलंत?"

मास्तरांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"नाव ओठांवर आलं होतं," ते म्हणाले. "पण मी सांगून तिनं का मानावं? म्हटलं, मी कोण ते तुझ्या आईला विचार, बाळ. ती सांगेल ते खरं."